शाळेच्या वाफ्यात यंदा भुईमूग लावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

थंडी पडली की आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या शेतसहली सुरू होतात. बस मिरज-तासगाव भागातल्या एखाद्या मळ्यात जाते, मुले बैलगाडीत बसतात, हुरडा खातात, द्राक्षाच्या घडाशेजारी फोटो काढतात आणि दिवस मावळायच्या आत परततात. मजा येते, यात वाद नाही. पण त्या एका दिवसात पिकाची एकच अवस्था दिसते, तीही शेवटची. बी पेरल्यापासून हातात दाणा येईपर्यंत किती दिवस जातात, मधे काय काय बिघडते, हे पहिली ते चौथीच्या मुलाला सहलीत कळणे शक्य नाही. त्यासाठी शाळेत एक वाफा हवा आणि तो एक अख्खा हंगाम मुलांच्या हातात हवा. रोहिणी नक्षत्र लागले आहे, जूनच्या मध्याला शाळा उघडतील, म्हणून हे पत्र आताच.

परसबागा बऱ्याच शाळांत आहेत. तिथे होते असे की टोमॅटो, वांगी, मिरची, कोथिंबीर, सगळे थोडे थोडे लावले जाते, पाणी शिपाईमामा घालतात आणि मुले फक्त पाहणीच्या दिवशी रांगेत उभी राहतात. आमचे म्हणणे असे, की लहान मुलांसाठी पहिल्या वर्षी एकच पीक घ्यावे आणि ते भुईमूग असावे. दाणा मोठा, चिमुकल्या बोटांत नीट धरता येतो. उपट्या, म्हणजे न पसरता उभ्या वाढणाऱ्या जातीचा भुईमूग १०० ते ११५ दिवसांत निघतो, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात टोकला तर दिवाळीच्या सुट्टीआधी काढणी होते. शिवाय फूल वर आणि शेंग जमिनीत, हा या पिकाचा चमत्कार मुलांना महिनाभर गुंतवून ठेवतो. एक काळजी मात्र आधी घ्यावी. काही मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. पालकांना लेखी विचारावे आणि तसे मूल असेल तर त्या वर्गाने मूग किंवा चवळी लावावी.

वाफा ३ मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद असावा. रुंदी याहून वाढवू नये. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात कडेला बसून जेमतेम दीड फूट पोचतो. वाफा रुंद झाला की मूल आत पाय टाकते आणि माती तुडवली जाते. शाळेचे मैदान बहुधा मुरूम टाकून रोलर फिरवलेले असते. त्यावर चार पाट्या माती पसरून काम भागत नाही, खालचा थर पाणी धरून ठेवतो आणि मुळे कुजतात. कुदळीने एक फूट खणून, दगड वेचून, त्यात पोयट्याची माती आणि दोन-तीन घमेली शेणखत मिसळावे. हे काम मोठ्यांनी पावसाआधी उरकावे. शेणखत चांगले कुजलेले, हाताला भुसभुशीत लागणारे आणि वास नसलेले हवे. ताजे शेण टाकले तर ते मातीत तापते, शिवाय त्याबरोबर हुमणी ही अळी येते आणि ती मुळे खाते. नदीकाठची काळी माती असेल तर तिच्यात बारीक वाळू किंवा कच मिसळावी, नाहीतर काढणीच्या वेळी वेल हातात आणि शेंगा जमिनीत अशी गत होते. वाफा जमिनीपासून वीतभर उंच ठेवावा. शिराळ्याकडच्या पावसात तर त्याशिवाय भुईमूग टिकत नाही.

बियाण्याबाबत एक चूक फार धोक्याची आहे. दुकानातले पिशवीबंद बियाणे बहुतेक वेळा औषध चोळलेले असते. गुलाबी, लाल किंवा निळसर दिसते. ते मुलांच्या हाती देऊ नये. भुईमुगाचा दाणा आणि तो हातात असलेले मूल, यातले अंतर तोंडापर्यंतच असते. एखाद्या शेतकऱ्याकडून गेल्या हंगामातल्या वाळलेल्या शेंगा आणाव्यात आणि पेरणीच्या आदल्या दिवशी मुलांकडून फोडून घ्याव्यात. महिनाभर आधी फोडलेल्या दाण्यांची उगवण घटते. वरची लालसर साल निघालेले, अर्धे झालेले आणि सुरकुतलेले दाणे बाजूला काढावेत, ते मातीत कुजतात.

आधी दहा दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. चार-पाच दिवसांत आठ दाण्यांना मोड आले तर बियाणे चांगले समजावे. पाच-सहाच आले तर एका जागी दोन दाणे टोकावेत. याच गोणपाटात शेजारी दहा भाजलेले दाणे ठेवावेत. ते फुगतात, बुळबुळीत होतात आणि उगवत नाहीत. बी जिवंत असते, हे वाक्य फळ्यावर लिहून जेवढे समजत नाही तेवढे या दहा दाण्यांनी समजते.

चांगला पाऊस होऊन वाफसा आला की टोकणी करावी. मातीचा मुटका दाबला तर बसावा आणि खाली टाकला तर फुटावा, ही वाफशाची खूण मुलेही ओळखतात. दोन ओळींत ३० सेंटिमीटर, दोन दाण्यांत १० सेंटिमीटर. या हिशेबाने वाफ्यात तीन ओळी आणि ओळीत ३० दाणे बसतात. वर्गात ३० मुले असतील तर प्रत्येकाला तीन दाणे येतात, प्रत्येक ओळीत एक. हे मुद्दाम असे करावे. एकाच रोपावर एका मुलाचे नाव लावले आणि ते रोप मेले की ते मूल त्या वाफ्याकडे फिरकत नाही. तिनांतले एक मरते, दोन राहतात, आणि ही टक्केवारी शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. ओळीच्या टोकाला पाच-सहा दाणे जास्तीचे टोकावेत, पुढे उपटून पाहायला लागतात.

खोली ४ ते ५ सेंटिमीटर, म्हणजे मुलाच्या तर्जनीची दोन पेरे. याहून खोल गेला तर कोंब वर येताना थकतो, वर राहिला तर कावळे, साळुंक्या आणि खारी उकरून नेतात. पेरल्यावर आठ दिवस वाफ्यावर जुनी मच्छरदाणी ताणून कडेने दगड ठेवावेत. उगवण सातव्या-आठव्या दिवशी दिसते. दहाव्या दिवशी मुलांनी उगवलेली रोपे मोजावीत आणि जिथे खाडा पडला तिथे लगेच नांगी भरावी, म्हणजे नवा दाणा टोकावा. पंधरा दिवसांनी भरलेली नांगी मागेच राहते.

पाण्याचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वाफा २.७ चौरस मीटरचा. पावसाने ताण दिला तर पिकाला दिवसाला साधारण ४ मिलिमीटर लागते, म्हणजे १०-११ लिटर. ते रोज शिंपडण्यापेक्षा तीन दिवसांनी एकदम ३० लिटर द्यावे: ३० मुले आणि प्रत्येकाचा एक तांब्या. रोज थोडे शिंपडले तर वरची अर्धा इंच माती भिजते, मुळे वरच राहतात आणि दोन दिवस सुट्टी आली की रोप मान टाकते. पाणी द्यायची वेळ झाली का हे बोट खुपसून पाहावे. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर त्या दिवशी तांबे भरायचे नाहीत. वर्गशिक्षकांना सर्वांत जास्त झगडावे लागते ते इथेच, कारण पाणी घालणे मुलांना सर्वांत जास्त आवडते, आणि शाळेच्या वाफ्यातली रोपे तहानेपेक्षा अति पाण्यानेच जास्त मरतात. आपल्याकडे उसाचे पाचट फुकट मिळते. रोपे वीतभर झाली की ओळींच्या मधे पाचटाचा दोन बोटे थर द्यावा. शनिवार-रविवारची चिंता मिटते आणि तणही दबते. बुंध्याला मात्र ते टेकू देऊ नये, आणि आऱ्या, म्हणजे शेंगा धरण्यासाठी मातीकडे वळणाऱ्या काड्या, सुटायच्या आधी बाजूला करावे.

आता आऱ्यांविषयी, कारण सगळा वाफा त्यांच्यासाठी आहे.

पेरणीनंतर २५-३० दिवसांनी, म्हणजे नागपंचमीच्या अलीकडे-पलीकडे, पानांच्या बेचक्यात पिवळी फुले दिसतात. फूल सकाळी उमलते आणि दुपार कलायच्या आत सुकते. म्हणून मुलांना मधल्या सुट्टीत न नेता प्रार्थना संपल्यावर लगेच न्यावे. ज्या पेरावर फूल आले त्याच्या खाली फांदीला रंगीत लोकरीचा धागा सैल बांधावा, फुलाच्या देठाला नाही, आणि तारीख लिहून ठेवावी. आठवडाभरात त्याच जागेवरून एक जांभळट, सुईसारखी टोकदार काडी बाहेर येते. ती वर जात नाही, सरळ खाली मातीकडे वळते. हीच आरी. तिच्या टोकाला पुढची शेंग आहे. मातीत ४-५ सेंटिमीटर शिरल्यावर टोक आडवे होते आणि फुगू लागते. फूल गळून गेलेले, फळ अजून नाही, आणि मधे ही काडी मातीचा शोध घेत निघालेली. दहा मुले गुडघ्यावर बसून हे बघतात तेव्हा शिकवणाऱ्याला फारसे बोलावे लागत नाही.

इथे तीन धाग्यांचा प्रयोग करावा. लाल धाग्याची आरी तशीच मातीत जाऊ द्यावी. पिवळ्या धाग्याची फांदी काडीचा आधार देऊन उचलून धरावी, आरीला माती मिळू नये अशी. हिरव्या धाग्याच्या, जरा उंचावरच्या आरीखाली डोळा फोडलेली नारळाची करवंटी ओलसर माती भरून दोन विटांवर ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत पिवळी आरी वाळते. करवंटीतली आत शिरते आणि तिथेच शेंग धरते, फक्त करवंटीत रोज दोन चमचे पाणी पडले पाहिजे. शेंगेला अंधार आणि ओल लागते, हे मुले स्वतःच सांगतात. चौथीच्या मुलांना पुढचा प्रश्न विचारावा: शेंग जमिनीखाली आहे, मग ती मूळ का? मुळा हे मूळ, बटाटा, आले आणि हळकुंड ही खोडे, त्यांच्यावर पेरे आणि डोळे दिसतात. भुईमुगाची शेंग मात्र फळ, कारण ती फुलातून आली. मोठ्यांतलेही बरेच जण यात फसतात.

आणि इथेच सर्वांत मोठी चूक होते. तण दिसले म्हणून मुलांना खुरपी देऊन वाफ्यात उतरवले जाते. आऱ्या मातीत शिरल्यावर खुरपणी केली की त्या तुटतात, आणि तुटलेली आरी पुन्हा येत नाही. खुरपणी पेरणीपासून ४० दिवसांच्या आत दोनदा उरकावी. दुसऱ्या खुरपणीला मुलांनी हातानेच मऊ माती बुंध्याकडे ओढावी, म्हणजे आऱ्यांना जवळ माती मिळते. शेतकरी याच सुमाराला पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात तो याचसाठी. वाफ्यात ड्रम नको, फांद्या तळहाताने हलकेच खाली दाबल्या तरी पुरते. आऱ्या सुटायच्या वेळी मूठभर, म्हणजे ५०-६० ग्रॅम जिप्सम बुंध्यालगत टाकावे. शेंग भरायला लागणारा चुना, म्हणजे जिप्सममधले कॅल्शियम, ती थेट आजूबाजूच्या मातीतून घेते. तो कमी पडला की टरफल मोठे आणि आत दाणा नाही. गणपतीनंतर आलेल्या फुलांवर मुलांनी आशा ठेवू नये. आरी मातीत गेल्यापासून दाणा पोसायला दोन महिने लागतात, ती फुले उशिराची.

चाळिसाव्या दिवशी जास्तीच्या रोपांपैकी एक खुरप्याने मातीसकट उचलावे आणि बादलीत हलकेच धुवावे. ओढून उपटले तर गाठी मातीत राहतात. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक नखाने चिरावी. आतून गुलाबी निघाली तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देत आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर काम चालू नाही. दुसरीच्या मुलांना जिवाणूंचे नाव सांगायची गरज नाही, गुलाबी रंग पुरतो.

शाळेच्या वाफ्यात विषारी फवारणी अजिबात नको. टिक्का रोगाचे काळे ठिपके खालच्या पानांवर पडतातच, ती पाने खुडून लांब टाकावीत. अळ्या काडीने डबीत गोळा कराव्यात. केसाळ अळीला हात लावू देऊ नये, खाज सुटते. तंबाखूचा अर्क हा घरगुती, म्हणून निर्धोक, असा समज दिसतो. तो मुलांच्या आसपास फवारू नये, निकोटिन हे विषच आहे. वाफ्याभोवतीचे गाजर गवत मोठ्यांनी हातमोजे घालून, फुलावर यायच्या आधी काढावे, मुलांना त्याने त्वचेचा त्रास होतो. मातीत काम झाल्यावर साबणाने हात धुणे हा तासाचाच भाग धरावा.

काढणीची वेळ ठरवण्यासाठी एक रोप उपटून दहा शेंगा फोडाव्यात. टरफलाची आतली बाजू सात-आठ शेंगांत काळसर झाली असेल तर पीक तयार. पाने पिवळी पडली एवढ्यावर जाऊ नये, ती टिक्क्यानेही पडतात. सुट्टी जवळ आल्याशिवाय काढायचे नाही असेही करू नये, कारण उपट्या जातीच्या दाण्याला सुप्तावस्था नसते. परतीचा पाऊस झाला तर शेंगेतच मोड येतात. उपटल्यावर चार-पाच दिवस उन्हात, हलवल्यावर दाणा खुळखुळेपर्यंत वाळवावे. बुरशी आलेला किंवा कडू लागणारा दाणा कोणालाही खाऊ देऊ नये.

मग तराजू काढावा. पेरलेल्या ९० दाण्यांचे वजन ३५-४० ग्रॅम होते. पीक बरे आले तर वाळलेल्या शेंगा अर्धा किलोच्या आसपास आणि त्यांतून दाणे साडेतीनशे ग्रॅम निघतात. पुढच्या वर्षीचे ४० ग्रॅम बियाणे बाजूला ठेवले की प्रत्येक मुलाच्या वाट्याला दहा ग्रॅम, म्हणजे सुमारे २५ दाणे येतात. तीन दाण्यांचे पंचवीस, साडेतीन महिन्यांनी. डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीकडे मुले दुसऱ्या दिवशी वेगळ्या नजरेने बघतात.

दिवाळीनंतर याच वाफ्यात गहू घ्यावा. हरभरा किंवा मेथी घेऊ नये, तीही शेंगवर्गातलीच, पाठोपाठ घेतली तर मर रोगाचे फावते. गव्हाला मात्र भुईमुगाने मागे ठेवलेला नत्र मिळतो. नोव्हेंबरच्या मध्याला २२ सेंटिमीटरवर ओळी, बी ३० ग्रॅम. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांचे पाणी चुकवू नये, त्या वेळी मुकुटमुळे फुटतात आणि पुढे किती फुटवे येणार ते तेव्हाच ठरते. ओंब्या दुधात आल्या की चिमण्या उतरतात, मच्छरदाणी पुन्हा बाहेर काढावी. मार्चच्या सुरुवातीला किलोभर गहू निघाला तर तीस मुलांना एकेक चपाती.

मेथीसाठी दुसरा वाफा करावा. त्यात बी दोन चमचे पुरते, कोरड्या मातीत मिसळून विस्कटावे. मुले मूठभर एकाच कोपऱ्यात टाकतात आणि तिथली रोपे पिवळी पडून कोलमडतात. तीस दिवसांत दीड-दोन किलो भाजी निघते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, म्हणजे तीस मुलांना दीड किलो. एक वाफा, एक दिवस. रोज भाजी हवी तर असे तीस वाफे पाळीपाळीने पेरावे लागतील, आणि मधल्या वाटा धरून ते गुंठ्याच्या पुढेच जाते. हे गणित चौथीच्या मुलांनी दोरी घेऊन मैदानावर आखून बघावे.

सहल काढायचीच असेल तर एका शेतात दोनदा जावे. हळदीची लागवड अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला होते, तेव्हा शाळा बंद असते. म्हणून सप्टेंबरमध्ये कंबरेएवढी पाने आणि फेब्रुवारीत काढणी, शिजवणी, वाळवण दाखवावे. ओल्या हळदीचे वजन वाळून चौथा-पाचवा हिस्सा उरते, हे तिथे विचारून घ्यावे. जुलैत लावलेला आडसाली ऊस १८ महिन्यांनी तुटतो: पहिलीत टिपरी (उसाची कांडी) लावताना पाहिली तर दुसरीतल्या जानेवारीत कोयता. द्राक्षबागेत जाण्याआधी मालकाला शेवटची फवारणी कधी झाली आणि किती दिवस थांबायचे ते विचारावे. घडाला हात लावून तसेच मणी तोंडात टाकू देऊ नयेत. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, तो शेडवर जाळीवर पसरलेला पाहायला फेब्रुवारी-मार्च बरा.

जत, आटपाडीकडच्या कमी पावसाच्या भागातल्या शाळांनी जूनची तारीख धरून बसू नये. पेरणीजोगा पाऊस जुलैत झाला तर जुलैत टोकावे आणि काढणी सुट्टीनंतर जाईल हे गृहीत धरून सुट्टीत वाफ्याजवळ राहणारी दोन घरे आधीच ठरवून ठेवावीत. बाकीच्यांनी या आठवड्यात वाफा खणून शेणखत मिसळावे आणि अर्धा किलो वाळल्या शेंगा मिळवून ठेवाव्यात. मृगाचा पाऊस लागला की मैदानात कुदळ चालत नाही, चिखल होतो.

आपले विश्वासू,
शेती आणि प्राथमिक शिक्षणाशी संबंधित काही वाचक,
तासगाव, जि. सांगली